दार आतून उघडलं होतं

१४ जून

ताई,

पाया पडायला वाकलो की कंबर परत वर यायचं नाव घेत नाही, म्हणून नमस्कार कागदावरच घे. तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका अर्थी माझ्या पथ्यावर पडलंय. फोनवर मी सिनेमाबद्दल बोलायला लागलो की समोरचा माणूस लगेच ‘बरं, ठेवू का?’ म्हणतो. तू पत्र मध्येच ठेवलंस तरी मला कळत नाही.

या शुक्रवारी तो नवा उडणाऱ्या माणसाचा सिनेमा पाहिला. मागच्या वर्षी तो निळ्या कपड्यांत उडत होता, यंदा काळ्या. म्हणजे तो आता दुःखी आहे, हे आपण ओळखायचं. खलनायकाला सगळं जग नष्ट करायचंय. का, हे अडीच तासांत कुणी त्याला विचारत नाही. मग राहणार कुठे बाबा तू? एका प्रसंगात उंच इमारतीची लिफ्ट दगडासारखी खाली येते. मी सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली. एक दोर तुटला तर बाकीचे असतात, आणि सगळे तुटले तरी ब्रेक असतो. हे मी शेजारच्या बाईंना हळूच सांगितलं. त्यांनी मध्यंतरानंतर खुर्ची बदलली.

शेवटी अर्धं शहर पडतं आणि लोक रस्त्यावर येऊन हसत हसत टाळ्या वाजवतात. अरे, त्या ढिगाऱ्याखाली कुणाचा नवरा असेल, कुणाचा बाप असेल. कॅमेरा तिकडे फिरकतच नाही. पैसे वाया.

दुसरा एक आपल्याकडचाच गुन्हेगारी सिनेमा लागलाय. तोही पाहिला. काही दम नाही. दरोडा, पाठलाग, शिव्या. तू जाऊ नकोस. तुझ्याकडे लागला तरी जाऊ नकोस. आवाज फार आहे, तुझ्या कानांना त्रास होईल.

तुझी छकुली रविवारी मामाकडे येऊन गेली. तिचं प्रशिक्षण बरं चाललंय. हॉस्टेलचं जेवण सोडून बाकी सगळं चांगलं आहे म्हणते.

तुझा
बारक्या


२१ जून

बारक्या,

आशीर्वाद. कंबरेला शेक दे आणि थिएटरात वाकडा होऊन बसत जाऊ नकोस. शेजारच्या बायकांना शिकवायलाही जाऊ नकोस.

तू उडणाऱ्या माणसावर पानभर लिहिलंस आणि दुसऱ्या सिनेमावर चार ओळी. त्यातलं निम्मं ‘जाऊ नकोस’. मला ऐकू येत नाही म्हणून तू पत्र लिहितोस, आणि आवाजाचा माझ्या कानांना त्रास होईल म्हणून सिनेमाला जाऊ नको म्हणतोस. लहानपणी खोटं बोलताना तू असाच सापडायचास.

काय आहे त्या सिनेमात?

विचारते आहे, कारण आमच्या धुलाईघरातल्या पोरी त्याच्याबद्दल बोलतायत. इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या यंत्रांनी माझे कान खाल्ले, पण त्याच यंत्रांच्या गोंगाटात मी ओठ वाचायला शिकले, हे या नव्या पोरींना ठाऊक नाही. परवा चादरीची घडी घालता घालता एक दुसरीला म्हणाली, “तो पेढीच्या दरोड्याचा आहे ना, त्यातला रखवालदार म्हणजे आपल्या बाईंचा...” तेवढ्यात मी मान वर केली. तिने चादर तोंडापुढे धरली.

माझा नवरा त्या पेढीच्या दारात मेला त्याला अठरा वर्षं झाली. छकुली तेव्हा चार वर्षांची होती. ह्यांच्यावर कुणी सिनेमा काढला असेल तर मला ते चादरीआडून कळायला नको. सरळ लिही.

ताई


२९ जून

ताई,

तुझ्यापुढे माझी डाळ कधी शिजली नाही. हो, आपल्याच पेढीचा दरोडा आहे. म्हणजे त्यावर बेतलेला. नावं बदललीत, गाव बदललंय, सोन्याच्या जागी हिरे केलेत.

सिनेमा म्हणून सांगायचं तर पहिला अर्धा भाग बरा आहे. दरोडेखोरांचा म्होरक्या हाच नायक. त्याचं बालपण वाईट गेलेलं असतं, त्यामुळे पुढे तो ज्यांना ज्यांना गोळ्या घालतो त्यांनी ते समजून घ्यायचं. पोलीस अधिकारी इतका सावकाश चालतो की तेवढ्या वेळात चोरांचं जेवण आटोपेल. हल्लीचे हे सगळे सिनेमे एकाच कारखान्यातून आल्यासारखे वाटतात. अंधारी खोली, लोंबणारा दिवा, आणि एक जण सफरचंद कापत धमकी देतो. खरे चोर सफरचंदं कापत असतील असं मला वाटत नाही.

रखवालदार आहे. थोडासाच आहे, मध्यंतराच्या आधीच जातो. नट बरा आहे. दाजींएवढा उंच नाही. मनाला लावून घेण्यासारखं काही नाही त्यात. आणि सुरुवातीला पाटी येते की हे सगळं काल्पनिक आहे. ती वाचायची आणि सोडून द्यायचं.

तू विचारलंस म्हणून लिहिलं. आता विषय संपव.

तुझा
बारक्या


८ जुलै

बारक्या,

जाऊन आले. एकटीच, दुपारच्या खेळाला. ती पाटी इतक्या झटकन गेली की मला ‘काल्पनिक’ एवढाच शब्द वाचता आला.

समोरून बोललेलं ओठांवरून समजलं, बाकीचं डोळ्यांनी पाहिलं. आता मी काय पाहिलं ते लिहिते. चुकत असेन तर सांग.

रखवालदार दाराशी बसलेला असतो. भर दुपार. गिऱ्हाईक नाही. तो घड्याळ बघतो. मग उठतो, इकडे तिकडे बघतो, आतल्या जाळीच्या दाराची कडी काढतो आणि बाजूला होतो. पायात नव्या कोऱ्या चपला. ह्यांच्या चपलेचा अंगठा शिवून शिवून दोऱ्याचाच झाला होता. ते लोक आत शिरतात. लूट झाल्यावर हा माणूस हसत हात पुढे करतो, आपला वाटा मागायला. म्होरक्या त्याला म्हणतो, हे मी ओठांवरून वाचलं, “जो मालकाचा झाला नाही, तो माझा काय होणार?” आणि त्याच्या छातीत गोळी घालतो.

माझ्या पुढच्या रांगेतले लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. मला आवाज आला नाही. खुर्चीच्या हातातून हादरा आला.

मी शेवटपर्यंत बसून राहिले. उठले असते तर लोकांच्या पायांवरून जावं लागलं असतं.

आता तीन गोष्टी विचारते. कडी काढताना तो पाठमोरा काहीतरी बोलतो. त्याचे खांदे हलतात, ओठ दिसत नाहीत. काय बोलतो? दुसरं, तुझ्या खेळालाही टाळ्या पडल्या का? पडल्या तर तू काय केलंस?

तिसरं, मी सिनेमावाल्यांना पत्र पाठवणार आहे. मेलेल्या माणसाला चोर ठरवायचा अधिकार त्यांना कुणी दिला, एवढंच विचारायचंय. माझ्या सहीखाली तुझी सही हवी. तू ह्यांचा मेहुणा, शिकलेला, निवृत्त माणूस. एकट्या बाईचं पत्र कचऱ्यात जाईल.

ताई


१९ जुलै

ताई,

उत्तराला उशीर झाला. कंबरेचं दुखणं होतं.

तो म्हणतो, “कडी मी काढतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा.” एवढंच वाक्य आहे.

टाळ्या माझ्या खेळालाही पडल्या. लोक हल्ली कशालाही वाजवतात. मी काय केलं म्हणून विचारतेस. माझ्या हातात पॉपकॉर्नचा डबा होता.

पत्राचं म्हणशील तर जरा थांब. रागावू नकोस, शांतपणे वाच. मी आयुष्यभर सिनेमे पाहिलेत, कथा कशी बांधतात ते मला थोडंफार कळतं. लिहिणाऱ्याला एक धागा लागतो. इथे तो त्याला आयता मिळाला. दार आतून उघडलं होतं. हे सिनेमावाल्यांच्या डोक्यातून निघालेलं नाही, ताई. कुलूप तुटलं नव्हतं, कडी वाकली नव्हती. पोलिसांनीही तेव्हा तेच विचारलं होतं. मी लिहीत असतो तर मीही तिथूनच सुरुवात केली असती.

दाजी वाईट होते असं मी म्हणत नाही. माणूस परिस्थितीचा असतो. तुमची तेव्हाची ओढाताण मी पाहिली आहे. पण तू पत्र पाठवलंस की त्यांचा वकील पहिला प्रश्न हाच करणार, दार कुणी उघडलं? त्याला काय सांगशील? आत्ता चार लोक कुजबुजतायत, मग वर्तमानपत्रात येईल. झाकलेलं आहे ते झाकलेलं राहू दे.

सही करायला माझी ना नाही. पण तूच विचार कर.

तुझा
बारक्या


२४ जुलै

बारक्या,

‘मी लिहीत असतो तर मीही.’

हे वाक्य वाचून मी पत्र घडी करून उशीखाली ठेवलं आणि कामाला गेले. दिवसभर काही झालं नाही. तिसऱ्या प्रहरी गाद्यांच्या खोळी आल्या धुवायला. एका खोळीची शिवण उसवलेली होती. ती हातात घेतली आणि मी मटकन खालीच बसले. पोरींना वाटलं चक्कर आली.

हे गेले तेव्हा तू महिनाभर माझ्याकडे राहिलास. मला कशाचीच शुद्ध नव्हती. तू घर आवरायला काढलंस. कपाटं रिकामी करून पुन्हा लावलीस. माळ्यावरचं सगळं खाली घेतलंस. पिठाचे, डाळीचे डबे ओतून धुतलेस. गाद्या उसवल्यास, कापूस पिंजून आणलास, आपल्या हाताने शिवल्यास. बोटांना फोड आले होते तुझ्या. मी त्यांना हळद लावली होती. अठरा वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आले की भाऊ असावा तर असा, माझं दुःख दिसू नये म्हणून घराचा कोपरान् कोपरा लखलखीत केला.

घर आवरायला गाद्या कोण उसवतं, बारक्या?

तू काय शोधत होतास?

मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. हे कुणालाही दार उघडायचे. उन्हात माणूस उभा दिसला की आत बोलवून पाणी द्यायचे. मालक त्यावरून त्यांना कितीदा ओरडले होते. त्या दुपारीही कुणीतरी पाणी मागितलं असणार. मी सांगत होते आणि तू मान हलवत होतास. मला वाटलं, तुला पटतंय.

सिनेमावाल्यांना पत्र टाकलं. माझ्या एकटीच्या सहीने.

ताई


११ ऑगस्ट

ताई,

हो, शोधत होतो. पोलिसांच्या हाती लागायच्या आधी माझ्या हाती लागावं म्हणून. काही सापडलं असतं तर मी ते कुठेतरी नेऊन बुडवलं असतं आणि तुला जन्मात कळू दिलं नसतं. यात माझं काय चुकलं ते मला सांग. परक्याने केलं असतं का एवढं?

काही सापडलं नाही. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. मग वाटलं, दुसरीकडे कुठे ठेवलं असेल. एकदा मनात आलं की जात नाही ते. मी कुणाजवळ कधी बोललो नाही. तुझ्याशी वागण्यात, छकुलीचं काही करण्यात मी कधी कमी पडलो का? तेवढं तरी धर.

छकुली आली होती. तिच्या बरोबरच्या मुली सिनेमा पाहून आल्यात, कुणीतरी शोधून काढलं की ही त्याच रखवालदाराची मुलगी. तिने मला विचारलं. मी विषय बदलला. तिला थोडं हसवावं म्हणून त्या उडणाऱ्या माणसाच्या सिनेमाला घेऊन गेलो. ती मध्येच उठली, डोकं दुखतं म्हणाली आणि हॉस्टेलवर गेली. हल्लीच्या पोरींना एका जागी बसवत नाही. सिनेमा दुसऱ्यांदा पाहतानाही भिकारच वाटला.

पत्र लिही. तुझं पत्र आलं नाही की आठवडा सुना जातो.

तुझा
बारक्या


३० ऑगस्ट

बारक्या,

सिनेमावाल्यांचं उत्तर आलं. छापील आहे. सर्व पात्रं काल्पनिक आहेत, साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा, आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार. सोबत दोन फुकट तिकिटं. त्याच सिनेमाची.

छकुली घरी येऊन गेली. तू विषय बदलला नव्हतास. तू तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणालास, “पोरी, बापाला माफ कर. परिस्थिती माणसाकडून काय काय करून घेते. त्याने जे केलं ते तुझ्यासाठीच केलं असणार.” तिने शब्द न् शब्द सांगितला. मग तू तिला सिनेमाला नेलंस. मोठं पॉपकॉर्न घेतलंस म्हणाली.

माफ कर म्हणालास! ज्या माणसाने काही केलंच नाही, त्याला माफ करायला तू माझ्या लेकीला शिकवलंस. त्यांना नुसतं चोर म्हणाला असतास तर ती तुझ्याशी भांडली तरी असती. तू मायेने बोललास, म्हणून तिला ते खरं वाटलं.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाही.

जेवणं झाल्यावर ती माझ्यासमोर बसली. माझ्याशी बोलताना ओठ नीट दिसतील असं बसायची तिला लहानपणापासून सवय आहे. तिने विचारलं, “आई, तुला नक्की माहीत आहे ना, बाबांनी काही केलं नव्हतं?”

आजवर हे कुणीही विचारलं असतं तर त्याचे ओठ मिटायच्या आत मी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मी ह्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेले, आणि त्या नटाचा आला. कडी काढून बाजूला होणारा. मी तो घालवला, पुन्हा आठवायला गेले. पुन्हा तोच. माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तो मी खाली ठेवला, मग म्हणाले, “नक्की माहीत आहे.”

तिला मधली ती वेळ दिसली. ती ‘बरं’ म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. सकाळच्या गाडीने गेली. एरवी निघताना बापाच्या फोटोपुढे दोन मिनिटं उभी राहते. या वेळी त्याच्यासमोरून सरळ चपला घालायला गेली.

त्या लोकांनी माझ्या नवऱ्याला एकदा मारलं. सिनेमावाल्यांनी दुसऱ्यांदा मारलं. ते मला सोसलं. तिसऱ्यांदा तू ते माझ्या हातून करवलंस.

आता पत्र पाठवू नकोस असं मी म्हणणार नाही. तुला सवय आहे. पाठव. मी फोडणार नाही.


१२ सप्टेंबर

ताई,

तू हे फोडणार नाहीस, तरी लिहितो.

परवा मी तो सिनेमा पुन्हा पाहायला गेलो. शेवटचा आठवडा आहे, आठदहा माणसंच होती. या वेळी पॉपकॉर्न घेतलं नाही. मनाशी ठरवून गेलो होतो की तो प्रसंग आला की उभं राहायचं आणि मोठ्याने म्हणायचं, हे खोटं आहे. ऐकणारे आठ असोत नाहीतर दहा. तुला लिहायचं आणि छकुलीला जाऊन सांगायचं की मामा सगळ्यांसमोर बोलला.

रखवालदाराने घड्याळ पाहिलं. उठला. कडीला हात घातला. मी उभा राहिलो. कंबरेतून कळ गेली तरी सरळ उभा राहिलो. पडद्यावर माझ्या डोक्याची सावली पडली असावी.

शब्द तोंडात आला होता, ताई. पण हे खोटं आहे असं म्हणायचं तर ते आधी मला पटलेलं हवं. तुझं ते पाण्याचं आठवलं. दाजींच्या चपलेचा अंगठा आठवला, तो दोरा मी स्वतः पाहिला आहे. तुमच्या घरात वाकून वाकून शोधलं आणि एक कवडी मिळाली नाही, तेही आठवलं. एवढं सगळं आठवत असताना मी ‘पण दार’ असं म्हणत होतो. मनातल्या मनात. पडद्याकडे बघत.

मागून कुणीतरी म्हणालं, “काका, बसा ना खाली. दिसत नाही.”

मी ‘सॉरी’ म्हणालो आणि बसलो.